बांधलेलं पाणी

उनाइसीच्या टॅबमध्ये एकोणसाठ प्रश्न होते, आणि जगातल्या शंभरावर देशांत तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले जात होते. रोजच्या जगण्यात तुम्हाला सगळ्यात जास्त धोका कशाचा वाटतो? पाणी, वीज, वाहनं, खाणंपिणं यांतल्या कशानं आपल्याला इजा होईल अशी भीती वाटते? फार, थोडी, की मुळीच नाही? राजधानीत, सुवाच्या कचेरीत बसलेल्या कुणा शहाण्यानं 'धोका' या शब्दाला बोलीतला 'भिण्याजोगं' असा शब्द काढून दिला होता आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. वाइकोरो गावात भिण्याजोगं काय असं विचारलं, की म्हातारी माणसं पाठ ताठ करून सांगायची, "देव." टॅबमध्ये देवाला चौकट नव्हती. उनाइसी 'इतर'वर बोट ठेवून पुढं जायची.

तरण्या माणसांची उत्तरं वेगळी असत. कुणाला वादळाची भीती, कुणाला साखरेच्या आजाराची, कुणाला शेजारच्या गावातल्या कुत्र्यांची. एका बाईनं तर सुवातल्या सरकत्या जिन्याचं नाव घेतलं. पाचव्या घरानंतर उनाइसीच्या लक्षात आलं की समुद्राचं नाव कुणीच काढत नाही. बेटावर चहूकडं समुद्र, पोटही समुद्रावरच, आणि त्याला भिणारा एक माणूस सापडेना. रोज उशाशी घेऊन झोपायच्या वस्तूला माणूस भीत नाही, हेच खरं.

वाइकोरो हे उनाइसीचं आजोळ. तिची आई सालानिएता ही गावप्रमुख पेनाइया यांची थोरली बहीण. बहिणीच्या लेकराला तिथं 'वासू' म्हणतात, आणि वासूनं आजोळी काही मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. डुक्कर मागा, होडी मागा, दारातला नारळ मागा. आजोळची माणसं फार तर मागून कपाळाला हात लावतील, पण तोंडावर टाळी वाजवून 'घे' म्हणतील. सुवात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी, नवऱ्यानं टाकलेली, रोजंदारीनं लोकांना प्रश्न विचारत फिरणारी उनाइसी इथं बोटीतून उतरली की राणी व्हायची. त्या राणीपणाची तिला गोडी होती. का नसावी?

दोन महिन्यांपूर्वी आई गेली आणि तिला मातीसाठी गावी आणलं, तेव्हाही ती राणीच होती. मोठ्या घरचं कुणी गेलं की गाव शंभर रात्री समुद्राचा एक तुकडा बांधून ठेवतं. पाण्यात काठ्या रोवून वर कापड बांधायचं आणि त्या काठ्यांच्या आत गळ नाही, जाळं नाही, शिंपला वेचणंसुद्धा नाही. शंभर रात्री झाल्या की पाणी मोकळं करायचं आणि साठलेल्या माशांवर गेलेल्या माणसाच्या नावानं जेवण घालायचं. मातीनंतर जाणती माणसं उनाइसीपुढं बसली आणि म्हणाली, देवळापासून तिवरांपर्यंत बांधू. तुकडा तसा बेताचाच होता. बाई चाळीस वर्षं गावाबाहेर होती, त्या मानानं त्यांना तो पुष्कळ वाटला.

उनाइसीला मात्र ते लागलं. चाळीस वर्षं आईनं सुवात दुसऱ्यांच्या फरशा पुसल्या होत्या. तिथं तिला कुणी नावानं हाक मारली नाही. निदान इथं, जिथं ती प्रमुखाची लेक म्हणून जन्मली, तिथं तरी तिला पुरा मान मिळू दे, असं तिला पोटातून वाटलं. ती म्हणाली, "खिंडीपर्यंत बांधा."

खिंड म्हणजे प्रवाळाच्या भिंतीतली फट. भिंतीच्या आतलं पाणी कमरेएवढं आणि शांत. बायाबापड्या ओहोटीला चालत जाऊन रात्रीचं कालवण आणतात ते हेच पाणी. खिंडीच्या पलीकडं मोठा समुद्र. खिंडीपर्यंत बांधायचं म्हणजे आतलं सगळंच बांधायचं. पेनाइयामामा क्षणभर तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी टाळी वाजवली, मागोमाग सगळ्यांनी वाजवली. आईला एवढं मोठं पाणी मिळालं या अभिमानात उनाइसी सुवाला परतली. नाकापेक्षा मोती जड झालाय, हे तिला कोण सांगणार?

तिला ते कळलं आता, या खेपेला. सोमवारी बोटीतून उतरून मामांकडं जेवायला बसली, तर ताटात उकडलेला कसावा, नारळाच्या दुधातली हिरवी पानं आणि डब्यातला मासा. समुद्रापासून वीस पावलांवरच्या घरात डब्यातला मासा! मामांची थोरली सून केलेरा पानं वाढताना मान वर करत नव्हती. वासू घरी यावी आणि तिच्या पुढ्यात डबा फोडावा, यापरती शरमेची गोष्ट त्या घरात घडली नव्हती. केलेराचा नवरा इलाइतिया हसून म्हणाला, "खा मॅडम. शहरात तुम्ही हेच खाता ना? तुला परकं वाटू नये म्हणून मुद्दाम आणलाय."

इलाइतिया तिचा मामेभाऊ, तिच्याच वयाचा. आतेमामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची ही तिथली रीतच, आणि तो ती मन लावून पाळायचा. लहानपणी दोघांचं लग्न लावायचं म्हणून म्हाताऱ्या चेष्टा करायच्या. ते राहिलं, आणि पुढं तिनं मास्तराशी लग्न केलं तेव्हा हा म्हणाला होता, सुटलो. मास्तरानं तिला टाकलं तेव्हा मात्र एक अक्षर चेष्टेचं न बोलता तो सुवाला आला आणि आठवडाभर तिच्या पायरीवर नुसता बसून राहिला. सुवातला मोठा रस्ता ओलांडायची त्याला भारी भीती. चौकात आला की पन्नाशीला टेकलेला हा गडी पोरासारखं तिचं बोट धरायचा.

बुधवारी विहिरीवर केलेरानं तिला गाठलं. केलेरा घुमी बाई, आडवळण तिला जमत नाही. कपडे आपटता आपटता ती म्हणाली, "पाणी आखूड कर."

उनाइसीला आधी उमगलंच नाही.

"खिंडीपासून मागं आण. तिवरांपर्यंत ठेव. बाप्ये रोज खिंडीबाहेर जातायत. माझ्या नवऱ्याची होडी आतल्या पाण्याची आहे, बाहेरच्या लाटेची नाही. मामंजींना कळतं, पण ते बोलणार नाहीत. तू मागितलंस, तर परतही तूच घ्यायला हवंस. दुसरं कोण बोलणार?"

तिचं खरं होतं, हे उनाइसीला कळत होतं. पण शब्द परत घ्यायचा म्हणजे नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही. मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळ्या घेऊन जाणत्यांपुढं बसायचं, मान खाली घालून सांगायचं की मी आईला जास्तीचं मागितलं होतं. आईला जास्तीचं! हे म्हणायची तिची तयारी नव्हती. शिवाय वीस घरं व्हायची होती आणि शुक्रवारपर्यंत सगळी उत्तरं सुवाला जायला हवी होती. ती म्हणाली, "रविवारी. देवळातून आल्यावर सगळ्यांसमोर सांगते."

"रविवारला चार दिवस आहेत."

"साठ रात्री गेल्या की गं. चार दिवसांत काय होतंय?"

केलेरानं धुणं पिळलं आणि ती घराकडं निघाली.

गुरुवारी मामांच्या घराचा नंबर लागला. घरातलं कुठलं माणूस प्रश्नांना बसवायचं ते टॅबच ठरवतो, आणि त्यानं निवडलं इलाइतियाला. तो जाळं विणत बसला होता. उनाइसीनं कचेरीतला आवाज काढून पहिला प्रश्न वाचला, की रोजच्या जगण्यात सगळ्यात भिण्याजोगं काय. तो म्हणाला, लिही, मोकळ्या हातानं घरी आलो की केलेरा. होडीत अंगावर घालायचं तरंगतं जाकीट आहे का, असं तिनं विचारलं. आहे म्हणाला, त्याच्यावर धाकटी झोपते, फार मऊ आहे. वाहनांची भीती वाटते का, यावर मात्र तो गंभीर झाला आणि 'फार' लिही म्हणाला.

"चेष्टा पुरे," ती म्हणाली. "खरं सांग, तुझ्या जिवाला धोका कशाचा?"

त्यानं सुई थांबवली. "बांधलेल्या पाण्यात गळ टाकण्याचा. तुझ्या आईच्या पाण्यात. त्याहून मोठा धोका नाही. तसं करणाऱ्याला समुद्र ठेवत नाही."

"आणि खिंड?"

"खिंड म्हणजे रस्ता आहे, बाई. आमच्या रस्त्याला आम्ही कशाला भिऊ?"

तिनं 'पाणी' या शब्दासमोर 'मुळीच नाही' लिहिलं. लिहिताना तिला वाटलं होतं, आत्ताच सांगावं याला, की रविवारी पाणी आखूड करतेय, तोवर जाऊ नकोस. ओठांवर आलंही होतं. पण मग तो सगळ्या गावात सांगत सुटला असता, आणि रविवारचं तिला नीट, मानानं करायचं होतं. ती पुढच्या प्रश्नाकडं वळली.

शुक्रवारी सकाळी ती टेकाडावरच्या शेवटच्या घरी होती. तिथून सगळं पाणी दिसतं. वारा होता, आणि भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ रोजच्यापेक्षा जाड होती. काठ्यांच्या कडेकडेनं एक निळी होडी निघालेली तिनं पाहिली. इलाइतिया एकटाच होता. बांधलेल्या पाण्यातून जायला मनाई नसते, तरी काठ्यांच्या आतून जाताना त्यानं इंजिन बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली आणि वल्हं मारत गेला. घरात कुणी गेलं असलं की माणूस दबक्या पावलानं चालतं, तसा. खिंडीत इंजिन सुरू झालं, होडीचं नाक वर उचललं गेलं, खाली आलं, आणि तो बाहेर पडला. घरातली म्हातारी उनाइसीला म्हणाली, तुझ्यासाठीच निघालाय हो. काल सांगत होता, वासूला दुसऱ्यांदा डबा घातला तर बाप मला घरात घेणार नाही.

उनाइसीनं टॅब उघडला आणि म्हातारीला पहिला प्रश्न विचारला.

दुपारी तो आला नाही. मुळात तो कशासाठी गेलाय हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती किनाऱ्यावरून हलली नाही. संध्याकाळच्या आत चार होड्या बाहेर गेल्या आणि अंधार पडायच्या बेताला रिकाम्या आल्या. शनिवारी सकाळी निळी होडी सापडली, भिंतीच्या बाहेर, पालथी. इलाइतिया सापडला तो भिंतीच्या आत. भरतीनं त्याला खिंडीतून आत आणलं होतं आणि देवळासमोर काठ्यांमध्ये, कमरेएवढ्या पाण्यात ठेवलं होतं. हाताला गळाची दोरी गुंडाळलेली होती.

गावाला तेवढं पुरलं. कुणी ओरडून बोललं नाही, पण बोलणं घराघरांतून फिरलं. बांधलेल्या पाण्यात सापडला. दोरी हाताला होती. पोरांच्या आणि पाहुणीच्या तोंडी घास घालायचा म्हणून मोह झाला असेल, माणूसच तो. आणि बांधलेलं पाणी कुणाला सोडतं का? इतकी वर्षं इतके लोक खिंडीतून गेले, परत आले. हाच का गेला? याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं आणि ते त्यांना पटत होतं. मातीला सगळे आले, गाणी झाली, रडणं झालं. पण त्याच्या नावानं पाण्याचा वीतभर तुकडासुद्धा बांधावा असं कुणी म्हटलं नाही. ज्यानं पाणी मोडलं, त्याच्यासाठी पाणी कसं बांधणार?

उनाइसी तीन दिवस गप्प राहिली. टेकाडावरून काय पाहिलं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आपण सांगू, सांगू म्हणत ती गप्प राहिली, आणि त्या तीन दिवसांत इलाइतियाची मोठी पोर आडावर गेली की बाकीच्या पोरी कळशा उचलून तिच्यापासून दूर सरू लागल्या.

चौथ्या दिवशी पेनाइयामामा ती उतरली होती त्या घरी आले. प्रमुखाच्या वतीनं बोलायला गावात माणूस ठरलेला असतो. मामा त्याला न घेता आले. मागं केलेरा होती, तिची तीन पोरं होती, आणि जाणती माणसं. मामा उंबऱ्यापासून गुडघ्यांवर सरकत आले आणि भाचीपुढं बसले. हातांत देवमाशाचा दात होता, जुना, हाताळून पिवळा पडलेला. त्याची विणलेली दोरी दोन्ही हातांत धरून त्यांनी तो तिच्यासमोर उचलला. क्षमा मागायला हा दात पुढं केला, की समोरच्यानं तो घेईपर्यंत हात खाली करायचे नसतात.

"माझ्या लेकाचं चुकलं," मामा म्हणाले. "माझ्या बहिणीचं पाणी त्यानं मोडलं. त्याला मिळायचं ते मिळालं. आता ते या पोरांवर येऊ नये. तू तिची लेक, तू घे हा."

एकोणसत्तर वर्षांचा माणूस, चार दिवसांमागं पोटचा पोर पालथा तरंगताना पाहिलेला, तिच्यापुढं हात वर करून बसला होता. उनाइसीचे हात मांडीवरून उठेनात. घेतला असता तर सगळं मिटलं असतं. आईचा मान राहिला असता, तिचं गुपित राहिलं असतं, पोरं निर्धास्त झाली असती. फक्त इलाइतिया जन्मभर, आणि मेल्यावरही, चोर राहिला असता.

"मामा, त्यानं पाणी मोडलं नाही," ती म्हणाली. "मी टेकाडावरून बघत होते. आईच्या पाण्यातून जाताना त्यानं टोपी काढली होती. इंजिन बंद केलं होतं. तो खिंडीबाहेर गेला, माझ्यासाठी मासा आणायला. होडी बाहेरच सापडली ना? त्याला भरतीनं आत आणलं."

मामांनी हात खाली घेतले नाहीत. "बाहेर तर मीही गेलोय, पोरी. पन्नास वर्षं. मग तो का गेला?"

"लाट मोठी होती. होडी लहान होती."

"हे काय कारण झालं?" मामांचा आवाज फुटला. "लाट रोज असते. होडी रोज असते. त्याचं चुकलं असेल, तर तू क्षमा कर, आणि मी या पोरांना उद्या पाण्यात उतरवतो. काहीच चुकलं नसेल, तर मी त्यांना काय सांगून उतरवू? सांग की. तूच लोकांना विचारत हिंडतेस ना?"

उनाइसीनं आजवर हजारएक माणसांची उत्तरं लिहून घेतली होती. एवढं सरळ कुणी तिलाच विचारलं नव्हतं. ती रडू लागली होती, पण बोलायची थांबली नाही.

"चुकलं ते माझं. तुम्ही तिवरांपर्यंत म्हणालात, मी खिंडीपर्यंत मागितलं. नुसत्या मानासाठी. तुम्हाला नाही म्हणता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि बुधवारी केलेरानं मला सांगितलं होतं, की पाणी मागं आण, बाप्ये बाहेर जातायत. मी म्हटलं, रविवारी. चारच दिवस आहेत म्हटलं. गुरुवारी तो माझ्यासमोर बसला होता, तेव्हाही मी बोलले नाही. आता सगळं पाणी मोकळं करा. आजच. क्षमा मी मागायची, तुम्ही नव्हे."

जाणत्यांपैकी एकानं मान वळवून बाहेर पाहिलं. मामांचे हात अजून वरच होते, आता इतके कापत होते की दात दोरीवर हेलकावत होता. मामा पुटपुटले, "घे गं. माझ्यानं धरवत नाही." ते नुसतं दाताबद्दल बोलत नव्हते. तिनं पुढं होऊन दात घेतला, कारण त्या हातांना खाली येऊ द्यायचा दुसरा मार्गच नव्हता. रीत म्हणून मागं टाळ्या वाजल्या, विस्कळीत, एकामागून एक.

मग उनाइसी तो दात तसाच दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर वळली आणि केलेरापुढं झाली. दिलेला दात लगेच फिरवून द्यायची रीत नाही, पण रीतीकडं बघायला ती भानावर नव्हती. केलेरानं दाताकडं पाहिलंसुद्धा नाही. धाकटीला मांडीवर थोपटत ती तिच्या नेहमीच्या खालच्या आवाजात बोलू लागली.

"चार दिवस मी त्याच्यावर चिडून होते. पहाटे जाग आली की त्याला शिव्या द्यायचे. दोन माशांसाठी पाण्याशी बेइमानी केलीस, पोरांचा विचार केला नाहीस, म्हणायचे. तेवढ्या रागावर उठत होते, चूल पेटवत होते. आता तू सांगतेस, तो टोपी काढून गेला."

पोर चुळबुळली, तशी तिनं तिला खांद्यावर घेतलं.

"आता मी चिडू कुणावर? तू तर वासू. तुझ्यावर चिडायची आम्हाला रीत नाही."

केलेरा उठली, दोन पोरांना हाताशी धरलं आणि बाहेर गेली. उनाइसी दात उचलून तशीच बसून राहिली. तो घ्यायला तिच्यासमोर आता कुणी नव्हतं.